पुढेपुढे करणं आणि पुढे येणं

"स्वतःचं नाव स्वतःच कसं द्यायचं, मॅडम? दुसऱ्या कोणी सुचवलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्यानं "स्वतःचं" म्हटलं की पुढचं मला कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उभं राहावं की नाही या विचारानं झोप उडालेले एक निवृत्त गृहस्थ होते. बँकेच्या युनियनमधले एक कार्यकर्ते होते, महिला मंडळात वीस वर्षं राबलेल्या एक बाई होत्या. अलीकडे संगणक क्षेत्रातली मंडळीही हेच घेऊन येतात. म्हणून मृण्मयीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला तिची परवानगी आहे.

मृण्मयी पुण्यात नोकरी करते. रात्री, मुलगा झोपल्यावर, एका ओपन सोर्स प्रकल्पाचं काम करते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता, सुधारता येतो असं सॉफ्टवेअर. जगभरातले लोक ते मिळून घडवतात, त्यातले कित्येक जण बिनपगारी. तिथं तिची नऊ वर्षं झाली होती. प्रकल्पाचा कारभार पाच जणांचं मंडळ बघतं आणि त्याची निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. उभं राहायची तिची मनापासून इच्छा होती. पण उमेदवारीचा फॉर्म उघडला की छातीत धडधडायचं.

"लोक म्हणतील, आली पुढेपुढे करायला."

"नऊ वर्षांत असं कोण म्हणालं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. प्रकल्पातलं एकही नाव निघालं नाही. शेवटी निघाल्या त्या चौथीतल्या बाई. मॉनिटर कोण होणार म्हणून विचारल्यावर हिनं हात वर केला होता आणि बाई म्हणाल्या होत्या, "फार पुढेपुढे करतेस गं."

इथे बरेच समुपदेशक बालपणात शिरतात आणि तिथेच रमतात. मी ज्या विचारसरणीत घडले, तिचे जनक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो ते जास्त त्रास देतं, हे त्यांचं सांगणं मला तीस वर्षांच्या कामात पावलोपावली पटत आलंय. म्हणून मी एवढंच विचारलं, "बाई ते एकदा म्हणाल्या. तेव्हापासून तुम्ही स्वतःला किती वेळा म्हणालात?"

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत राहिली. "रोज," म्हणाली.

पुढच्या खेपेला ती डेबियन नावाच्या प्रकल्पाच्या घटनेचा, म्हणजे त्याच्या कारभाराच्या नियमांचा, प्रिंटआउट घेऊन आली. तिच्या प्रकल्पानं निवडणुकीचे बरेच नियम तिथूनच घेतलेत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. डेबियन ही 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली संगणकप्रणाली. हजारभर डेव्हलपर ती स्वेच्छेनं सांभाळतात आणि दर वर्षी मतदानानं आपला प्रोजेक्ट लीडर निवडतात. मी तो कागद पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचला. माझ्याकडे येणाऱ्यांचं जग त्यांच्याच कागदांतून समजून घ्यायची मला सवय आहे आणि ती कामी येते.

त्या घटनेत लीडरच्या निवडणुकीसाठी नाव सुचवणं-अनुमोदन देणं असलं काही नाही. ज्याला लीडर व्हायचंय त्यानं स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं. त्यासाठी एक आठवडा, मग तीन आठवडे प्रचाराचे, मग दोन मतदानाचे. आठवड्याभरात कोणीच नाव दिलं नाही तर मुदत आणखी एक आठवडा वाढते. 2019 मध्ये अगदी हेच घडलं, मुदत संपली तेव्हा यादी कोरी होती. मृण्मयीनं हे हसत सांगितलं. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"त्या आठवड्यात हे हजार लोक काय करत असतील?"

"वाट बघत असतील. दुसरं कोणीतरी नाव देईल म्हणून."

"आणि ते दुसरं कोणीतरी?"

"तेही वाट बघत असेल." मग जरा थांबून, "माझ्यासारखं."

तो कागद मी तिलाच मोठ्यानं वाचायला लावला. लीडरला कोणावर हुकूम गाजवता येत नाही. प्रकल्पाचं काम करायचं बंधन कोणावरही नाही, नेमून दिलेलं काम नको असेल तर सभासद ते नाकारू शकतो. लीडरनं माणसं नेमायची, पैशांच्या खर्चाला मंजुरी द्यायची, बाहेर प्रकल्पाच्या वतीनं बोलायचं. ती ज्याला खुर्ची समजून घाबरत होती, ती पाहिली तर एक जबाबदाऱ्यांची यादी होती. नाव देणं म्हणजे "मी सगळ्यांत लायक आहे" असा दावा नव्हे. "हे काम करायला मी तयार आहे" एवढीच ती नोंद. निवड मतदार करतील. त्यांचं काम आपणच आधी उरकून स्वतःला नापास करायचं, याला मी नम्रता म्हणत नाही.

हे सगळं तिला पटलं. पण पटणं आणि उतरणं यांत अंतर असतं. ते ज्या दिवशी सरलं, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

उमेदवाराला आपलं निवेदन लिहून द्यावं लागतं. तिनं इंग्रजीत लिहिलेला मसुदा आणला होता. मी म्हटलं, तो ठेवा बाजूला. नऊ वर्षांत काय केलंत ते मला मराठीत सांगा, आईला सांगाल तसं.

ती सांगू लागली. "दोन वर्षांपूर्वी नवी आवृत्ती यायच्या आदल्या आठवड्यात एक बग सापडला. लोकांचा डेटा उडत होता. मग ते दुरुस्त झालं. मग चाचण्यांची नीट व्यवस्था लागली. नवीन लोकांसाठी मार्गदर्शिका तयार झाली…"

मी वहीत "झालं", "लागली", "सापडला" अशी क्रियापदं टिपून प्रत्येकाभोवती गोल करत होते. अकरा गोल झाल्यावर वही तिच्यापुढे सरकवली.

"बग सापडला. कोणाला?"

"मला."

"आणि दुरुस्त आपोआप झाला?"

ती हसली. मग हसू मावळलं. "नाही. मी केला. तीन रात्री लागल्या. लेकाला ताप होता. एका हातानं मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत होते आणि एका हातानं टाइप करत होते."

"हे निवेदनात कुठेय?"

तिनं इंग्रजी मसुदा उचलला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. दीड पानात ती कुठेच नव्हती. तिथेही सगळं आपलं आपण घडलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे मला फार वर्षांनी जमलेलं कौशल्य आहे. दोन-तीन मिनिटांनी तिनं माझी पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या गोलाशेजारी लिहिलं, "मी".

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत होते. आपल्या भाषेत कर्ता लपवायची केवढी सोय आहे! चहा होतो, पाहुण्यांचं होतं, आजारपण निघतं. विशेषतः बायका आयुष्यभर "झालं" म्हणत राबतात आणि मग त्यांचं काम कोणाला दिसत नाही याचं त्यांनाच वाईट वाटतं. पुढेपुढे करणारा दुसऱ्याची मर्जी मिळवायला बघतो. पुढे येणारा स्वतःबद्दलची खरी माहिती लोकांच्या हाती देतो आणि निर्णय त्यांच्यावर सोपवतो. मृण्मयीला ठाऊक असलेलं मतदारांना ठाऊक नव्हतं आणि ते सांगणं तिचं कर्तव्यच होतं.

जे या उंबरठ्यावर आहेत त्यांना माझं सांगणं असं. नाव देण्याआधी पदाचं काम आठवड्याला किती तास खाईल ते सध्याच्या पदाधिकाऱ्याला सरळ विचारा आणि ते तास कुठून येणार हे घरच्यांशी बोला. घरात आजारपण असेल, तुम्ही आधीच थकलेले असाल, तर या वर्षी नको म्हणणं हाही विचारपूर्वक निर्णय असतो. फक्त तो भीतीनं घेऊन वर "वेळ नव्हता" म्हणू नका. प्रचाराच्या दिवसांत चारचौघांत टोकदार प्रश्न येतात. रात्री आलेल्या प्रश्नाला सकाळी उत्तर द्या, आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून लिहा. सगळ्यांत महत्त्वाचं, भीती गेल्यावर उभं राहीन असं ठरवू नका. ती अर्ज भरताना सोबत असते, भरल्यानंतर हळूहळू मागे पडते. उलट क्रमानं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

राहिला हरण्याचा प्रश्न. मृण्मयीची खरी धास्ती इथे होती. या मतपत्रिकेत उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो आणि आपल्या "नोटा"सारखा "यांपैकी कोणीही नाही" हाही पर्याय असतो. डेबियनमध्ये तो जिंकला तर निवडणूकच पुन्हा घ्यावी लागते. "मी त्याच्याही खाली गेले तर?" हे वाक्य तिनं मला निदान पाच वेळा ऐकवलं.

मी तिला सांगितलं, 2019 मध्ये डेबियनच्या निवडणुकीत जे हरले त्यांचं पुढे काय झालं ते शोधून काढा. तिनं शोधलं. त्या वर्षी सॅम हार्टमन निवडून आले आणि जोनाथन कार्टर हरले. 2020 मध्ये कार्टर पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि सलग चार वेळा लीडर झाले. त्याच 2020 च्या यादीत केरळच्या श्रुती चंद्रन यांचं नाव तिला दिसलं. त्या तेव्हा निवडून आल्या नाहीत. 2021 च्या यादीत त्यांचं नाव पुन्हा होतं. मृण्मयी त्या नावावर बराच वेळ थांबली, असं तिनंच मला सांगितलं.

मुदतीच्या चौथ्या दिवशी तिनं अर्ज भरला. निवेदनाचं पहिलं वाक्य "मी"नं सुरू होत होतं.

पाच जागांसाठी सात उमेदवार होते. ती सहावी आली. निकालानंतर आठवड्यानं माझ्याकडे आली ती निकालाचा तक्ता घेऊनच. अशा तक्त्यात प्रत्येक उमेदवाराला दुसऱ्यापेक्षा किती जणांनी वर ठेवलं ते आकड्यांत दिसतं. "कोणीही नाही"पेक्षा तिला वर ठेवणारे जवळपास सगळेच मतदार होते. तिनं त्या आकड्यावर पेन्सिलनं गोल केला होता. वाईट वाटलं का विचारल्यावर म्हणाली, "वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण फॉर्म भरायच्या आधी जे वाटायचं, ते हे नव्हतं."

मग तिनं आईच्या फोनबद्दल सांगितलं. आईला एवढंच कळलं होतं की लेक कसल्याशा निवडणुकीला उभी होती आणि पडली.

"तुझं नाव कोणी सुचवलं होतं गं?" आईनं विचारलं.

"मीच दिलं, आई."

आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं केलंस."