कोलायटिस आहे, आहार सांभाळला तर गोळ्या सोडता येतील का?

अल्सरेटिव्ह कोलायटिसवाले (मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात तो आजार) हे हमखास विचारतात, म्हणून एका दादांबद्दल लिहिते, त्यांना विचारून आणि ओळख बदलून.

वय पस्तिशीचं, नोकरीसाठी रोज डोंबिवली ते सीएसएमटी. लोकलमध्ये टॉयलेट नसतं, त्यामुळे कुठल्या स्टेशनात टॉयलेट कुठल्या टोकाला आहे ते सगळं पाठ, आणि ऑफिसला पोचेपर्यंत पोटात काही म्हणजे काही नाही. मेसालामाइनच्या गोळ्यांनी (आतड्याची सूज कमी करणारं औषध) शौचातून रक्त पडायचं थांबलं होतं, पण तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की नुसत्या ताकावर राहा, आतडं मुळापासून बरं होतं. मग आधी गहू बंद, मग डाळी, मग भाज्या, माझ्याकडे आले तेव्हा पेज आणि ताकच उरलेलं, वजन उतरलेलं आणि आता गोळ्याही बंद करायचं डोक्यात.

म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं डॉक्टरांच्या हातात, जेवण तरी माझ्या हातात आहे ना." मला ते अगदी पटलं. कधी उसळेल सांगता येत नाही असा आजार असला की माणसाला काहीतरी स्वतः करायचं असतंच, त्यावर मी कुणाला ओरडत नाही.

पण स्पष्ट सांगितलं की बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली तर कोलायटिस परत उसळायचा धोका बराच वाढतो. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) असलेल्या लहान मुलांना काही आठवडे फक्त लिक्विड फॉर्म्युल्यावर ठेवून आजार आटोक्यात आणतात हे खरंय, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत, आणि कोलायटिसमध्ये तो उपाय तसा चालत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचे चांगले रिझल्ट आलेत तेही मेसालामाइनच्या जोडीला दिल्यावर.

मग ठरलं असं: गोळी चालू, डॉक्टरांना डाएटचं सगळं खरं सांगायचं, आणि डाएटिशियनच्या सल्ल्याने एका वेळी एकच पदार्थ परत सुरू करून वहीत लिहायचं. मुगाचं वरण सोसलं, अंडं सोसलं, दुधी सोसला, दूध नाही सोसलं. पोळी मात्र मजेत पचली, गहू उगाचच सोडला होता! मधूनमधून शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्यातली सूज कळते ती) करतात, कारण बरं वाटत असलं तरी आत सूज असू शकते.

तुम्हीही डाएट करून बघत असाल तर रक्त दिसलं, ताप आला किंवा रात्री उठून जावं लागायला लागलं की वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि स्टेरॉइड चालू असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका, प्लीज.