मुलांना दगड शिकवायचेत? आधी एवढंच करा

सुरुवात करताय ना, मग पहिल्याच दिवशी अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही खडकांच्या प्रकारांची नावं पाठ करून घेऊ नका, मुलं तिथेच कंटाळतात. दगड ओला करा आणि भिंगाखाली धरा. ग्रॅनाइटचे दाणे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात कारण तो जमिनीखाली खोलवर अगदी हळूहळू थंड झालेला असतो, आणि बेसॉल्टचा लाव्हा वर येऊन पटकन गार होतो म्हणून त्याचे दाणे इतके बारीक. हा फरक मुलांनी स्वतः बघितला की पुढचं खरंच सोपं जातं.

नेहमीच्या चुका:
- रंगावरून ओळखणं. क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) पांढरा, गुलाबी, जांभळा कसाही असतो. लोखंडी खिळ्याने ओरखडून बघा, कॅल्साइटवर (चुनखडकातलं खनिज) ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर नाही.
- रूपांतरित म्हणजे वितळलेला असं सांगणं. नाही! चुनखडकाचा संगमरवर होतो तो उष्णता आणि दाबाने, घन असतानाच. खडक वितळला तर तो मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा तप्त रस.
- गॉगलशिवाय हातोडा. अजिबात नाही.

प्लेट टेक्टॉनिक्स (पृथ्वीच्या कवचाच्या तुकड्यांची हालचाल), रासायनिक सूत्रं नंतर बघू. आत्ता चुनखडक थोडा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले की प्रश्न मुलंच विचारतील.