नाशिकमध्ये एचआयव्हीबाधित भावाच्या मागे कोण उभे राहील, आणि त्याची नोकरी जाईल का?

ताई, धाकट्या भावाचा अहवाल पॉझिटिव्ह आला आहे, तो सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे, कंपनीला कळले तर नोकरी जाईल का, नाशिकमध्ये आधार कोणाचा घ्यावा आणि आईला सांगावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून एचआयव्हीसह जगतो आणि येथील बाधितांच्या एका आधारगटात काम करतो, त्यामुळे नोकरीची धास्ती मला चांगली ठाऊक आहे.

केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून काढता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर, विमा अशा सगळ्या ठिकाणच्या भेदभावाला त्याने मनाई केली आहे. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, आणि भावाच्या लेखी संमतीवाचून कंपनीच्या डॉक्टरने त्याचा अहवाल सुपरवायझरच्या कानावर घालणे हाही कायद्याचा भंग आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत अशा तक्रारींसाठी अधिकारी नेमणे बंधनकारक आहे; त्याशिवाय राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालाकडेही जाता येते. बाधित व्यक्तीसोबत एका घरात राहणाऱ्यांनाही हा कायदा संरक्षण देतो, हे फार थोड्यांना माहीत असते. तुम्ही भावासोबत राहत असाल, तर घरमालक तुम्हालाही या कारणावरून घर सोडायला लावू शकत नाही.

हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात निकाल दिला होता की, माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर एचआयव्हीच्या कारणावरून त्याला रोजगार नाकारता येणार नाही. तो कामगार न्यायालयाच्या नोंदीत ‘एमएक्स’ एवढाच आहे. नाव उघड न करता दाद मागण्याची सोय आता कायद्यातच आहे, म्हणून ‘तक्रार केली तर गावभर होईल’ या भीतीने भावाने गप्प बसू नये.

प्रत्यक्षात मात्र कोणी ‘एचआयव्ही आहे म्हणून नको’ असे तोंडावर म्हणत नाही. आमच्या गटातील एका बाईंची शस्त्रक्रिया ठरली होती. अहवाल पाहिल्यावर ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ म्हणून एका खासगी रुग्णालयाने त्यांना वाटेला लावले. आम्ही आवाज चढवला नाही. जे तोंडी सांगितले, तेच लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, एवढीच विनंती केली आणि आमच्या अर्जाची पोच मागितली. लिहून कोणी दिले नाही, पण शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या फेऱ्यांना माझा विरोध नाही, मीही लाल फीत लावून चालतो. परंतु माणसाचे काम अडते तेव्हा उपयोगी पडतो तो अर्ज, त्याची पोच आणि शेजारच्या खुर्चीत बसलेले आपले माणूस.

ते माणूस गाठायचे तर त्र्यंबक रोडवरील सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी केंद्रापासून (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रापासून) सुरुवात करा. औषधे तेथे मोफत मिळतात, आणि अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर सीडी-४ (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची संख्या) किती आहे याची वाट न पाहता ती सुरू केली जातात. समुपदेशकाला ‘बाधितांच्या गटातील कोणाशी भेट घालून द्या’ असे स्पष्ट विचारा, कारण जे डॉक्टर सांगत नाहीत ते रांगेत शेजारी बसलेला सांगतो. गोळ्यांची डबी बॅगेत खुळखुळते आणि कारखान्याच्या लॉकरपाशी चारचौघांचे लक्ष जाते, म्हणून आमच्यातले अनेकजण डबीत कापूस भरतात. ही क्लृप्ती कोणत्याही माहितीपत्रकात नाही. फक्त ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये आणि गोळ्या वर्तमानपत्रात बांधून फिरवू नयेत. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, चाचणीत दिसत नाही इतका कमी झाला आणि तसाच टिकला, तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. लग्नाचा विषय निघाला की भावाला हे आठवण करून द्या; मात्र होणाऱ्या जोडीदारापासून काही लपवू नये, असे माझे मत आहे.

पैशांची ओढाताण असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. उत्पन्नाच्या अटी तहसील कार्यालयात विचाराव्यात. शंका कधीही आली तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तेथे नाव सांगावे लागत नाही.

आईला सांगायचे की नाही आणि केव्हा, हे भावालाच ठरवू द्या. तुम्ही परस्पर बोलू नका, अगदी काळजीपोटीसुद्धा नाही. घरातील एकाला माहीत असणे गरजेचे असते आणि ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे घाई नाही. तोवर त्याचे ताट-वाटी किंवा टॉवेल वेगळे करू नका. त्यातून संसर्ग होत नाही, आणि आईच्या नजरेतून ते सुटायचेही नाही.