तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : कॉलेजची टीम, तोडलेले नियम आणि एनसीएएचं आता काय

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज खेळांवर छोटासा मजकूर दिला होता, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतेय. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच की एनसीएए म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांचा कारभार बघणारी संस्था, 1906 पासूनची, ऑफिस इंडियानापोलिसला, तिच्यात साधारण अकराशे कॉलेजं आणि पाच लाखांवर खेळाडू आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, इथेच जन्मलेला, फुटबॉलचं वेड. तो विचारतो की पूर्वी खेळाडूने पैसे घेतले की बंदी यायची, आता तर कॉलेजच पैसे देतं, मग ज्यांना तेव्हा शिक्षा झाली त्यांचं काय? मला उत्तर देता आलं नाही. – एक बाबा, एडिसन, न्यू जर्सी

दादा, तुमच्या मुलाने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळतात तो.) मी त्या काळात कोलंबसला होते, ओहायो स्टेटच्या गावात, त्यामुळे हे मी जवळून बघितलंय. शनिवारी मॅच असली की सकाळी सातपासून अख्खं गाव लाल कपड्यात रस्त्यावर, स्टेडियममध्ये लाखभर माणूस, आणि आमच्या गल्लीतले लोक आपल्या अंगणात गाड्या लावायला देऊन दिवसाला चांगले पैसे कमवायचे. कमवत सगळेच होते, खेळणारी पोरं सोडून.

डिसेंबर 2010 मध्ये बातमी फुटली की टीममधल्या पाच जणांनी आपल्याला मिळालेल्या अंगठ्या, जर्सी वगैरे विकून पैसे घेतले, टॅटू काढून घेतले. कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगन युनिव्हर्सिटीला हरवलं की तिथे प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या पँटच्या आकाराचं एक इवलंसं पदक देतात, तेही विकलेलं. म्हणजे वस्तू त्यांच्या स्वतःच्या, घामाने कमावलेल्या. तरी पाच मॅचची बंदी आली, आणि मला तेव्हाही हे पटलं नव्हतं की बंदी सुरू होणार पुढच्या सीझनपासून, जानेवारीतला शुगर बोल (सीझन संपल्यावर निवडक टीममध्ये होणाऱ्या मोठ्या मॅचना बोल म्हणतात) मात्र त्यांना खेळू दिला, कारण त्या मॅचवर मोठा पैसा लागलेला असतो. पुढे कळलं की कोच जिम ट्रेसल यांना हे आधीपासून माहीत होतं आणि त्यांनी ते कळवलं नव्हतं, मग मे 2011 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, कॉलेजने 2010 चे विजय रेकॉर्डमधून पुसले आणि एनसीएएने टीमला 2012 च्या सीझनला बोल मॅच खेळायची बंदी घातली.

2012 ला टीम बारापैकी बारा मॅच जिंकली. शेवटची घरच्या मैदानावर मिशिगनशी होती, नोव्हेंबरची थंडी, मी मैत्रिणीबरोबर गेले होते. मॅच संपली, लोक नाचतायत, रडतायत, आणि आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते ते नातवाला समजावत होते की बाळा यापुढे मॅच नाही आपली. तो पोरगा परत परत विचारत होता का पण, आपण हरलो नाही ना. त्या टीममध्ये असे कितीतरी होते ज्यांचा त्या टॅटूंशी काही संबंध नव्हता, शिक्षा त्यांनी भोगली. ट्रेसल पुढे एका युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट झाले, 2025 मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

आणि हे एका ठिकाणचं नाही. डॅलसच्या एसएमयू या युनिव्हर्सिटीत श्रीमंत चाहते पोरांना गुपचूप पगार द्यायचे, तिथला 1987 चा अख्खा सीझन एनसीएएने रद्द केला, तिकडे त्या शिक्षेला डेथ पेनल्टीच म्हणतात, त्यानंतर त्यांना पुन्हा बोल मॅच बघायला 2009 उजाडलं. फुटबॉल खेळाडू रेजी बुशला 2005 ची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज फुटबॉल खेळाडूचा मान, मिळालेली, घरच्यांनी एजंटकडून फायदे घेतले म्हणून 2010 मध्ये ती सोडावी लागली, आणि एप्रिल 2024 मध्ये ती त्याला परत दिली. तेव्हा मुलाला सांगा की एकाची ट्रॉफी परत आली, बाकीच्यांची वर्षं परत येणार नाहीत.

नियम कुठल्या थराला गेलेले ते एका उदाहरणावरून कळेल. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीने 2014 मध्ये स्वतःच कळवलं होतं की एका समारंभात तीन खेळाडूंना ठरल्यापेक्षा जास्त पास्ता वाढला गेला, आणि त्या तिघांनी प्रत्येकी 3.83 डॉलर दान केल्यावर ते प्रकरण मिटलं. जेवणाचा हिशोब सेंटपर्यंत ठेवणाऱ्या या व्यवस्थेत त्याच वेळी कोचचे पगार कोटींमध्ये होते. तुमच्या मुलाला अजून एक सांगा, स्टुडंट-अ‍ॅथलीट हा शब्द. तो एनसीएएचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळात 1950 च्या दशकात रुजवला गेला. 1955 मध्ये कोलोराडोतला रे डेनिसन हा कॉलेज खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला, त्याच्या बायकोने कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना मिळते तशी भरपाई मागितली, आणि 1957 मध्ये कोर्टाने ती नाकारली, फुटबॉल खेळणं हे कामच नाही म्हणून. मला वाटतं सगळ्याचं मूळ तिथे आहे. पोरगा कामगार नाही असं ठरवलं की त्याला काही द्यायचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : एनसीएए बंद पडणार असं ऐकतो, खरं का? – एक वाचक, नाशिक

लगेच बंद पडेल असं मला वाटत नाही. मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्हीचे पैसे वर्षाला जवळपास शंभर कोटी डॉलर येतात आणि ती स्पर्धा अजून त्यांच्याच हातात आहे. पण दरारा गेला. 2021 च्या जूनमध्ये अ‍ॅल्स्टन खटल्यात, म्हणजे कॉलेजने खेळाडूंना शिक्षणासाठी काय द्यावं यावरच्या मर्यादांविरुद्धच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ जज त्यांच्या विरोधात गेले, दहा दिवसांत खेळाडूंना आपलं नाव, फोटो वापरू देऊन जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, ज्याला एनआयएल म्हणतात. मग जून 2025 मध्ये, खेळाडूंनी बुडालेल्या पैशांसाठी केलेल्या हाउस खटल्याची तडजोड कोर्टाने मान्य केली, त्यात जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत 2.8 अब्ज डॉलर द्यायचे आणि प्रत्येक कॉलेज पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटू शकतं. त्या पैशांवर लक्ष ठेवायला मोठ्या कॉन्फरन्सेसनी (म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांनी) कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची वेगळीच संस्था काढली, म्हणजे पोलिसगिरीचा मोठा भाग एनसीएएच्या हातून गेलाच. उरलेल्या नियमांवर रोज कोणीतरी कोर्टात जातं, टीम किती वेळा बदलायची, किती वर्षं खेळायचं, सगळ्यावर.

एनसीएएचे प्रेसिडेंट चार्ली बेकर, ते आधी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते, ते अमेरिकन संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे, कायद्याचं संरक्षण मागतायत की आमच्या नियमांवर सारखे खटले होऊ देऊ नका. माझं स्पष्ट मत आहे की असं संरक्षण द्यायचं तर आधी खेळाडूंना संघटना करून वाटाघाटीला बसू द्या. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल पोरांनी मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन निवडली होती, पण त्याच वर्षाच्या शेवटी अर्ज मागे घ्यावा लागला.

प्रश्न : मुलगी टेनिस खेळते, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या) स्पर्धा खेळलीय, सोलापूरला थोडं बक्षीसही मिळालं. अमेरिकेतल्या एका कॉलेजची स्कॉलरशिप येतेय. नियम रोज बदलतायत असं वाचून झोप लागत नाही. पाठवू का? आणि ती एनआयएलचे पैसे घेऊ शकेल का? – एक आई, पुणे

ताई, आधी अभिनंदन, आणि पाठवा. पण तीन गोष्टी नीट बघा.

बक्षिसाचं आधी. टेनिसमध्ये कॉलेजला जाण्याआधी वर्षाला 10,000 डॉलरपर्यंत बक्षीस ठेवता यायचं, त्यापुढे फक्त झालेल्या खर्चापुरतं, असा नियम बरीच वर्षं होता. रीस ब्रँटमायर नावाची एक अमेरिकन मुलगी 2021 ला यूएस ओपन खेळली, जवळपास 49,000 डॉलर जिंकली आणि नॉर्थ कॅरोलायनाला कॉलेजला गेली तर तिच्या खर्चाची छाननी झाली, आईबरोबर एका खोलीत राहिली त्या खोलीच्या भाड्यावरून आणि रॅकेटच्या गटिंगवरून, म्हणजे तारा बसवण्याच्या खर्चावरूनसुद्धा, प्रश्न काढले. तिचा एक सीझन त्यात गेला. ती 2024 मध्ये कोर्टात गेली, आणि मला त्या मुलीचं फार कौतुक वाटतं. हे नियम बदलत असतात, त्यामुळे आज काय लागू आहे ते कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (नियम पाळले जातायत का ते बघणाऱ्या ऑफिसकडून) ईमेलवरच घ्या, फोनवर कोच हो म्हणाला तेवढ्यावर थांबू नका.

दुसरं, एनआयएल. तुमची मुलगी एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणार आणि त्या व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम चालत नाही. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा झॅक एडी, कॅनडाचा, देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉल खेळाडू ठरला तरी व्हिसामुळे अमेरिकेत बसून जाहिराती करू शकला नाही. बरोबरची मुलगी इन्स्टाग्रामवर रॅकेटचा फोटो टाकून पैसे घेईल, तुमच्या मुलीने तेच केलं तर व्हिसाच धोक्यात येईल. कोणी एजंट कागद पुढे करून सही कर म्हणाला तर सही नाही, आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला दाखवायचा. स्कॉलरशिपला मात्र अडचण नाही.

तिसरं मला सगळ्यात जास्त टोचतं. हाउस तडजोडीत जुन्या खेळाडूंना द्यायच्या पैशांपैकी साधारण नव्वद टक्के फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार असं गणित मांडलंय, त्यावर महिला खेळाडूंनी अपील केलं. पुढेही कॉलेजं पैसा तिकडेच वळवणार आणि टेनिससारख्या टीमवर कात्री चालवतील ही भीती खरी आहे. म्हणून कोचला सरळ विचारा, टीम बंद झाली तर हिची स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील का, आणि उत्तर ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. असं विचारल्याने कोणी नाराज होत नाही, झालं तर ते कॉलेज नको.

आणि आजच एक फाइल करा. सोलापूरचं हॉटेल, ट्रेनचं तिकीट, एंट्री फी, फिजिओ, गटिंगची प्रत्येक पावती, तारखेप्रमाणे, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा कारण त्या पावत्यांची शाई वर्षभरात उडते.