‘स्वदेशी’ आणि ‘स्वावलंबन’: यातला ‘स्व’ कोणाचा?

‘स्वदेशी’ आणि ‘स्वावलंबन’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिकता शिकता कमावणाऱ्या विद्यार्थ्याला आपण स्वावलंबी म्हणतो, स्वदेशी म्हणत नाही. ‘स्वदेशी’ने वस्तूचे मूळ कळते, तर ‘स्वावलंबना’ने कर्त्याचे सामर्थ्य.

‘स्वदेशी’ हे खरे तर विशेषण आहे. पण १९०५च्या वंगभंगानंतर स्वराज्य, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने ते चतुःसूत्रीत नाम म्हणून रुळले. टिळकांनी स्वदेशी आणि बहिष्कार एकत्र बांधले. त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष गोखले यांनी मात्र, बंगालमधील बहिष्काराचे समर्थन करूनही, त्या शब्दात दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी डोकावते, म्हणून स्वदेशीच्या संदर्भात तो टाळावा, असे बजावले. पुण्याच्या या दोन नेत्यांमधला मतभेद शब्दाच्या निवडीपर्यंत पोहोचला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे वाद ‘स्व’च्या व्याप्तीचा झाला. १९१६मध्ये मद्रासच्या भाषणात गांधीजींनी दूरचे सोडून निकटच्या परिसराचा उपयोग आणि सेवा करण्याची वृत्ती म्हणजे स्वदेशी, अशी व्याख्या केली; त्यांचा ‘स्व’ गावापाशी होता. ऑक्टोबर १९४५मध्ये गांधीजींशी झालेल्या पत्रव्यवहारात नेहरूंनी ही ग्रामकेंद्रित मांडणी नाकारली, कारण अवजड उद्योगांवाचून राष्ट्र आपल्या पायांवर उभे राहणार नाही, अशी त्यांची धारणा होती. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. आणि ती व्यक्ती खासगी मालकांच्या हुकमतीखाली जाऊ नये, यासाठी संविधान सभेसाठी लिहिलेल्या १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी प्रमुख उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी आधीच केली होती. तिघांनाही परावलंबन नको होते, पण कोणाचे, याची उत्तरे वेगवेगळी होती.

म्हणूनच आजच्या ‘आत्मनिर्भर’ या शब्दातही ‘आत्म’ कोणाचा, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट करावे. चाकणच्या कारखान्यात परदेशी कंपनीने तयार केलेली मोटार ‘भारतात बनवलेली’ नक्कीच आहे. तिला ‘स्वदेशी’ म्हणण्यापूर्वी मालकी आणि आराखडा कोणाचा ते पाहावे, आणि ‘स्वावलंबना’चा दाखला म्हणून ती पुढे करण्यापूर्वी तिचे इंजिन व सुटे भाग बाहेरचा पुरवठा थांबल्यास येथे तयार करता येतील का, हे विचारावे.