सव्वाशे किलोमीटरला तासभर कसा?

प्रश्न : लेकीकडे मस्कतला जायचंय. जावयांनी तिकीट काढलंय पुणे-मुंबई-मस्कत. पुणे ते मुंबई विमानाला एक तास लिहिलाय. आमचे हे गणिताचे मास्तर. त्यांचं म्हणणं, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, विमानाचा वेग ताशी आठशे, म्हणजे साडेनऊ मिनिटं. उरलेली पन्नास मिनिटं विमान काय करतं? त्यापेक्षा टॅक्सीने जावं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तीस वर्षं मी सांताक्रूझला विमानाच्या चाकांखाली ठोकळे लावले आणि काढले, त्यामुळे हा प्रश्न अगदी माझ्या हातातला. तिकिटावरचा तास उडण्याचा नसतोच. इथले ठोकळे काढून विमान हललं की मोजणी सुरू, तिथे जागेवर थांबलं की संपली. म्हणून त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात.

हललेलं विमान आधी धावपट्टीपर्यंत रांगत जातं. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ, त्यांच्या उड्डाणांतून वाट काढायची. वारा ज्या दिशेने येतो तिकडे तोंड करून उडायचं, मग भले मुंबई पाठीमागे राहो. आणि मास्तरांचे आठशे इथे गाठायचेच नसतात. दहा हजार फुटांखाली अडीचशे नॉट, म्हणजे ताशी साधारण 460 किलोमीटरच्या वर जायला सहसा मनाई. चढून जरा स्थिरावतो तोच उतरायला सुरुवात. पाण्याचा पेला हातात येईपर्यंत पट्टा बांधायची सूचना होते.

खरी गोम मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एकदा पुण्याहून परतताना माझं विमान पंचवीस मिनिटांत मुंबईच्या आभाळात पोचलं आणि वीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं. खाली वसईची खाडी तीनदा पाहिली. शेजारचे आजोबा म्हणाले, “डेक्कन क्वीन बरी, निदान कर्जतला वडा मिळतो.”

उलट स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे पावणेतीन किलोमीटरचं विमान वेळापत्रकात दोन मिनिटांचं आहे. छोटं विमान आणि पुढे रांग नाही.

आता टॅक्सीचं. नुसतं मुंबईला जायचं असतं तर मी म्हणालो असतो, विमानाचं नाव काढू नका. कोथरूडहून लोहगावला तास, तिथे दोन तास आधी, वर हा तास. तेवढ्यात गाडी घाट उतरून मुंबईत पोचलेली असते. पण तुमचं तिकीट एकत्र असेल तर विमानच धरा. बॅग पुण्यात दिली की थेट मस्कतला मिळेल, एवढं काउंटरवर विचारून टॅगवर बघून घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर दुसरं बघून देणं कंपनीकडे येतं. घाटात टॅक्सी अडकली तर ते तुमच्या गळ्यात. दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतील तर मात्र हा फायदा नाही. मग सरळ आदल्या दिवशी मुंबई गाठा.

मास्तरांना अर्धे मार्क द्या, भागाकार बरोबर आहे. आणि लेकीचं लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात.