मिक्सर थांबून थांबून चालतो, टीव्हीचा आवाज येतो पण चित्र नाही. घर दादरला आहे. दुरुस्त करू की एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू?

दादरला राहता म्हणालात, म्हणजे दोन्हींवर इलाज जवळपासच आहे. वस्तू किती वर्षांची झाली हे घरच्यांना बघू द्या. तुम्ही आतलं नेमकं काय गेलंय ते बघा.

मिक्सर पूर्ण बंद पडला तर खालचं लाल बटण दाबायचं, तो ओव्हरलोडचा स्विच असतो. पण तुमचा अडखळत चालतोय, म्हणजे पहिला संशय कार्बन ब्रशवर, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांवर. जाळीतून आत जास्तच ठिणग्या दिसत असतील तर बहुतेक तेच. बोटाच्या पेराएवढे दोन असतात, झिजण्यासाठीच केलेले, आणि किरकोळ पैशांत मिळतात. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी चकती, गेला. भांड्याखालून काळपट पाणी गळतंय, तर बुश, म्हणजे पात्याच्या दांड्याभोवतीची कडी. गल्लीतला मिक्सरवाला ही तिन्ही कामं तुमच्यासमोर करून देतो; काढलेला जुना पार्ट तेवढा मागून घ्या. जळका वास येऊन धूर निघाला असेल तर मात्र वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधली तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च आधी विचारा, मग ठरवा.

आता टीव्ही. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, शाबूत आहे; तिला मागून उजेड देणाऱ्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट, गेली आहे. त्या पट्ट्यांवरचे दिवे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला तरी अख्खा पडदा काळा होऊ शकतो. एकच दिवा बदलून घेऊ नका, सगळ्या पट्ट्या बदला, आणि नंतर बॅकलाइटची सेटिंग जरा खाली ठेवा. पूर्ण उजेडावर चालवूनच त्या लवकर मरतात. पॅनेललाच तडा गेला असेल तर विषय सोडा, नव्या पॅनेलच्या किमतीत जवळजवळ नवा टीव्ही येतो.

पट्ट्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळतील. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर ते नाव घेऊन विचारलंत तर लोक तुमच्याकडेच बघत बसतील! टीव्हीमागच्या स्टिकरचा फोटो न्या. नुसत्या 'बत्तीस इंची' वर कुणी पट्टी देत नाही, कारण एकाच मापात डझनभर प्रकार असतात. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

हे वाचून उत्साहात मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आणि टीव्ही लोकलने नेऊ नका. गर्दीत एक कोपर लागलं की शाबूत पॅनेलही गेलं. मेकॅनिकला घरी बोलवा, घरी येण्याचे वेगळे पैसे घेईल तेवढे द्या.